स्वस्त इअरफोन: पाच वर्षं वापरल्यावर कानाला काय कळलं

मागच्या पावसाळ्यात आमच्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा मधल्या बाकावर बसूनही सारखा "परत सांगा ना" म्हणायला लागला. आधी आम्हाला वाटलं, पोराचं लक्ष नाही. मग एक दिवस त्यानेच सांगितलं, "रात्री झोपताना कानात शिट्टी वाजते." त्याच्या अब्बूंना शाळेत बोलावलं आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं. आठवड्याने ते तपासणीचा कागद घेऊन आले. कागदावरची रेघ बहुतेक ठिकाणी सरळ होती, फक्त ४००० हर्ट्झच्या आसपास खाली खचली होती. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता: इअरफोन किती तास घालतो आणि आवाज किती ठेवतो?

डॉक्टरांनी सगळा ठपका इअरफोनवर ठेवला नाही. लग्नातला डीजे असतो, फटाके असतात, कारणं अनेक असू शकतात. पण मोठ्या आवाजाने कान दुखावला की पहिली खूण बऱ्याचदा याच जागी दिसते, हे त्यांनी समजावून दिलं. मुलाच्या अब्बूंनी मग आम्हाला साधा प्रश्न विचारला: "घरात सगळेच तो साडेतीनशेवाला वापरतो. आता महागातला घेऊन दिला तर कान वाचेल का?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली तेव्हापासून आमच्या घरात कानात घालायचे चार इअरफोन झाले. सगळे स्वतःच्या पैशांनी घेतलेले, सगळे दोन हजारांच्या आतले. कंपन्यांची नावं आम्ही मुद्दाम देत नाही, कारण दुकानातली मॉडेल सहा महिन्यांत बदलतात. काय बघून घ्यायचं ते मात्र बदलत नाही.

कानात नेमकं काय जातं?

पूर्वी मोबाईलबरोबर चपट्या गोल बटणासारखे इअरफोन मिळायचे. ते कानाच्या बाहेरच्या खोबणीत टेकून राहायचे. आता जे सगळीकडे दिसतात ते "इन-इअर", म्हणजे रबराचं टोक कानाच्या नळीत शिरतं. हा प्रकार तसा नवा नाही. अमेरिकेतली एटिमोटिक रिसर्च ही कंपनी ऐकण्याच्या शास्त्रावर, श्रवणयंत्रांवर काम करायची. तिने १९९१ मध्ये ईआर-४ नावाचा असा इअरफोन बाजारात आणला. तेव्हा ती महाग वस्तू होती. आज तीच कल्पना एसटी स्टँडवर टांगलेली असते.

आतली रचना सोपी आहे. एक छोटं चुंबक, तारेचं बारीक वेटोळं आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा. तारेतून सिग्नल गेला की वेटोळं हलतं, पडदा थरथरतो, हवा हलते आणि आवाज तयार होतो. दुकानातला मोठा स्पीकर असाच चालतो, फक्त इथे पडदा जेमतेम १० मिलिमीटरचा. खोक्यावर "१० एमएम ड्रायव्हर", "१४ एमएम ड्रायव्हर" असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते हेच. मोठा आकडा म्हणजे चांगला आवाज, असं काही नाही. आमच्या चारांपैकी सर्वांत मोठ्या ड्रायव्हरचा इअरफोनच सर्वांत घोगरा निघाला.

आधी बसणं, मग आवाज

पाच वर्षांत आम्हाला सर्वांत उशिरा कळलेली आणि सर्वांत कामाची गोष्ट ही: इअरफोनचा आवाज अर्धा त्याच्या आत असतो आणि अर्धा तो कानात कसा बसतो त्यात.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि सरळ नसते, जरा वळणाची असते. रबराने त्या नळीचं तोंड नीट बंद केलं तरच पडद्याने ढकललेली हवा आत राहते. फट राहिली की पहिल्यांदा खालचे सूर गळतात: तबल्याचा बायाँ, ढोलकीची थाप, माणसाच्या आवाजातला भरदारपणा. उरतो तो किरकिरा, पत्र्यासारखा आवाज. मग आपण काय करतो? आवाज वाढवतो. फट मात्र तशीच राहते.

आमच्या मुलीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ती दोन वर्षं म्हणायची, "हा इअरफोन फालतू आहे, आवाजच येत नाही." खोक्यात तीन मापांची रबरं होती: लहान, मधलं, मोठं. आम्ही मधलं लावलेलंच ठेवलं होतं, बाकीची दोन ड्रॉवरमध्ये पडून होती. तिच्या कानाला लहान हवं होतं. ते लावल्यावर तिने स्वतःच आवाज बराच खाली आणला. दोन वर्षं पोरीचं म्हणणं आम्ही नखरा समजत होतो.

उलटही होतं. आमच्यापैकी एकाच्या उजव्या कानाला मधलं रबर लागतं आणि डाव्या कानाला मोठं. दोन्ही कान सारखेच असतील, असं धरून चालू नका.

बसवायची पद्धत अशी. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची पाळी वरून धरून हलकेच वर आणि मागे ओढा. नळी जरा सरळ होते. मग टोक आत सरकवा आणि पाळी सोडा. नीट बसलं की पंख्याची घरघर कमी झाल्यासारखी वाटते आणि स्वतःचं बोलणं डोक्यात घुमल्यासारखं ऐकू येतं. हे घुमणं म्हणजे बिघाड नव्हे. नळीचं तोंड बंद झालं की आपल्या हाडांतून येणारा आवाज बाहेर निसटत नाही, म्हणून तसं होतं. काहींना ते सहन होत नाही. त्यांनी जुन्या बटणासारखाच इअरफोन वापरावा, त्यात कमीपणा नाही.

दुखत असेल तर माप चुकलंय. अर्ध्या तासात कान दुखायला लागला तर एक माप खाली या. खाली आल्यावर ढिलं होत असेल तर फोमचं टोक मिळतं. बोटांनी चेपून आत घालायचं आणि ते फुगेपर्यंत धरून ठेवायचं. फोम छान बसतो, पण मळतो लवकर आणि काही महिन्यांत बदलावा लागतो.

चार इअरफोन, चार आवाज

पहिला साडेतीनशेचा. खोक्यावर "एक्स्ट्रा बास". पहिल्या दिवशी घरात सगळे खूश, ढोल छातीत वाजतोय असं वाटायचं. पंधरा दिवसांत ऑनलाइन वर्गात त्रास सुरू झाला. बाईंचा आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ढोलाची धमक साधारण २५० हर्ट्झच्या खाली असते. शब्द ओळखायला लागणारी व्यंजनं मात्र २००० हर्ट्झच्या वर असतात, आणि "स"ची सळसळ ४००० च्याही वर. खालचा भाग फार फुगवला की वरचा झाकला जातो. आवाज मोठा येतो, पण शब्द कळत नाही.

मुलं त्या काळात मोबाईलवरच कुरआनचा सबकही घ्यायची. उस्ताद पुन्हा पुन्हा सांगायचे, सीन वेगळा, साद वेगळा, आणि आमच्या मुलाला दोन्ही सारखेच ऐकू यायचे. उस्तादांना वाटायचं, मुलगा कच्चा आहे. दुसरा इअरफोन लावल्यावर त्याला फरक कळला. उर्दू, अरबी, इंग्रजी, कोणतीही भाषा कानाने शिकायची असेल तर "एक्स्ट्रा बास" लिहिलेलं खोकं बाजूला ठेवा.

दुसरा सहाशेचा. पहिल्या दिवशी निराशाच झाली, आवाज अगदी साधा वाटला. पण बोललेला प्रत्येक शब्द स्पष्ट. बातम्या, व्याख्यान, वर्ग, कुवेतहून येणारा भाईजानचा फोन, सगळ्याला हाच उत्तम. महिन्याभराने पहिला पुन्हा लावून पाहिला तर तो असह्य वाटला. लोक म्हणतात, इअरफोन शंभर तास वाजवला की "खुलतो". आमच्या अनुभवात इअरफोन फारसा बदलला नाही, आमच्या कानालाच त्याची सवय झाली. म्हणून दुकानात दोन मिनिटं ऐकून निवाडा करू नका. ज्याचा बास जास्त तो दोन मिनिटांत नेहमीच जिंकतो.

तिसरा पंधराशेचा, वायर कानावरून मागे घेऊन घालायचा. तो घालायला आठवडाभर शिकावं लागलं. अम्मींनी एकदा प्रयत्न केला आणि "हे काय दागिन्यासारखं" म्हणून ठेवून दिला. पण एकदा जमला की हलत नाही, आणि वायर कपड्याला घासली तर कानात होणारी खरखर जवळपास गेली. आवाजात चारांत हाच पहिला. मेहदी हसन यांची गझल लावली तर हार्मोनियम एकीकडे, तबला दुसरीकडे आणि मध्ये गळा, असं वेगवेगळं ऐकू येतं. सहाशेवाल्यापेक्षा अडीचपट चांगला आहे का? नाही. थोडा चांगला आहे. ज्याला गाण्याची आवड आहे त्यालाच तो फरक जाणवेल.

चौथा बाराशेचा, ब्लूटूथचा, बिनवायरीचा. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना त्याच्यासारखं सुख नाही. आवाज ठीक. पण एक गोष्ट विकणारा सांगत नाही. माइक सुरू करून बोलायला लागलं की ब्लूटूथला दोन्ही दिशांनी आवाज न्यावा लागतो, आणि स्वस्तातल्या जोडीत समोरचा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. ऑनलाइन वर्गात मुलाने प्रश्न विचारायचे असतील तर वायरवाला बरा.

कोकणातली हवा आणि टिकण्याचा हिशोब

पहिला सात महिने टिकला. पिनेजवळ वायर आतून तुटली, एक बाजू बंद. मोबाईल दुरुस्तीवाल्याने पिन बदलून दिली, ती आणखी चार महिने चालली. वायर सर्वांत जास्त तुटते ती दोन जागी: पिनेजवळ आणि जिथे एकाच्या दोन वायरी होतात तिथे. या दोन्ही ठिकाणी जाड रबराची बाही आहे का, ते घेताना बघावं. काटकोनात वाकलेली पिन खिशात सरळ पिनेपेक्षा जास्त टिकते, हे आम्हाला तिसऱ्यांदा पैसे घालवल्यावर कळलं.

दुसऱ्याचं चौथ्या महिन्यातच नाटक सुरू झालं. डावी बाजू हळू हळू मंद होत गेली. बिघडला समजून टाकणार होतो. मग टॉर्च मारून पाहिलं तर रबराच्या आतली बारीक जाळी कानातल्या मळाने बुजलेली. रबर काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुतलं, जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडली. आवाज परत आला. तेव्हापासून दर शुक्रवारी घरातले सगळे इअरफोन पुसले जातात. जाळीत सुई घालू नये आणि पाणी तर अजिबात नको, फक्त रबर धुवायचं. दुसरा आजही चालतोय, पाचवं वर्ष सुरू आहे.

तिसऱ्याची पारदर्शक वायर दोन पावसाळ्यांत हिरवी पडली. घामाने आणि दमट हवेने आतल्या तांब्याला गंज चढतो. दिसायला वाईट, ऐकायला फरक नाही. त्याची वायर सुटी होते, त्यामुळे तुटली तर सगळा इअरफोन टाकावा लागत नाही. पंधराशे देण्याचं खरं कारण आमच्या मते हेच आहे.

चौथा पावणेदोन वर्षांत म्हातारा झाला. एका चार्जवर चार तास चालायचा तो दीड तासावर आला, तेही उजवा आधी बंद पडतो. त्यातली बॅटरी नखाएवढी असते, प्रत्येक चार्जिंगबरोबर झिजते आणि साध्या दुकानात बदलून मिळत नाही. म्हणजे बिनवायरीचा इअरफोन घेतानाच त्याचं आयुष्य ठरलेलं असतं. दरमहा हिशोब केला तर आमच्या घरात सहाशेवाला सर्वांत स्वस्त आणि बाराशेवाला सर्वांत महाग पडला.

आता कानाचा हिशोब

कानाच्या आत शंखासारख्या भागात केसांसारख्या नाजूक पेशी असतात, प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार. आवाजाची थरथर त्या मेंदूपर्यंत पोचवतात. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून हा हिशोब पैशाच्या हिशोबापेक्षा मोठा.

जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा सांगितली आहे. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. लहान मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. हे गणित आम्ही वर्गात फळ्यावर मांडलं:

८० डेसिबल: आठवड्याला ४० तास
८३ डेसिबल: २० तास
८६ डेसिबल: १० तास
८९ डेसिबल: ५ तास
९२ डेसिबल: अडीच तास

मुलांनी पुढे स्वतःच भागाकार केला. ९२ वर रोज किती? जेमतेम एकवीस मिनिटं. वर्ग शांत झाला. एकजण म्हणाला, "मी तर रोज तीन तास पबजी खेळतो." लहान मुलांसाठी हाच तक्ता ७५ पासून सुरू करायचा, म्हणजे त्यांना ८७ वर आठवड्याला फक्त अडीच तास.

घरी डेसिबल मोजणार कसे? संघटनेचाच सोपा सल्ला आहे, मोबाईलचा आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. आमची भर एवढीच: इअरफोन बदलला की हा आकडा पुन्हा तपासा. काही इअरफोन त्याच ६० टक्क्यांवर जास्त जोरात वाजतात. आणि आवाज नेहमी शांत खोलीत ठरवा, एसटीत नाही. गाडीत इंजिनाचा आवाज झाकायला आपण नकळत दोन-चार घरं वर जातो आणि घरी आल्यावर ती खाली आणायची विसरतो.

इथे बसण्याचा मुद्दा परत येतो. नीट बसलेलं रबर बाहेरचा गोंगाट अडवतं, म्हणून कमी आवाजात भागतं. तेच रबर रस्त्यावर धोक्याचं, कारण हॉर्नही अडतो. स्कूटर चालवताना, रूळ ओलांडताना, रस्त्याने चालताना इअरफोन खिशात. आमच्या घरात यावर चर्चा होत नाही.

आम्ही काय ठरवलं

त्या मुलाच्या अब्बूंना आम्ही जे सांगितलं ते इथे मांडतो. महाग इअरफोन कान वाचवत नाही. हजारोंचा असला तरी ९२ डेसिबलला तो तेवढंच नुकसान करतो. कान वाचवतात तीन गोष्टी: बरोबर मापाचं रबर, खाली ठेवलेला आवाज आणि मधली सुट्टी.

घ्यायचा असेल तर पाचशे ते सातशेच्या आसपासचा वायरवाला घ्या. खोक्यात तीन मापांची रबरं, वाकडी पिन आणि वायरीला जाड बाही, एवढं बघा. मोबाईलला गोल भोक आहे की नाही, ते घरून बघून जा. आयफोनमधून ते २०१६ मध्ये गेलं आणि नंतर बऱ्याच फोनमधून जात राहिलं. नसेल तर चार्जिंगच्या भोकात बसणारा टाइप-सी इअरफोन मागा. दुकानात ढोलाचं गाणं लावू नका, कोणाचं तरी बोलणं लावा.

मुलांच्या मोबाईलमध्ये जास्तीत जास्त आवाजाची मर्यादा लावायची सोय सेटिंगमध्ये असेल तर लावून द्या. तासाला दहा मिनिटं कान उघडे ठेवायचे. झोपताना इअरफोन नाही. एकमेकांचा वापरायचा तर रबर वेगळं, कारण कानातला संसर्ग असाच पसरतो. आणि मूल "परत सांगा" म्हणायला लागलं, टीव्ही वाढवायला लागलं, कानात शिट्टी वाजते म्हणालं, तर रागावण्याआधी कान तपासून घ्या. आम्ही स्वतः त्या मुलावर दोनदा रागावलो होतो, हे सांगायला आम्हाला लाज वाटते.

तो मुलगा आता पहिल्या बाकावर बसतो. त्याच्या अब्बूंनी साडेसहाशेचा इअरफोन आणला आणि लहान रबर स्वतः लावून दिलं. रात्रीची शिट्टी कमी झालीय, अजून पूर्ण गेली नाही. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. कागदावरची खचलेली रेघ वर येईल, असं कोणी त्याला सांगितलेलं नाही. ती आणखी खाली जाऊ नये, एवढंच आता त्याच्या हातात आहे.

आज रात्री घरातले इअरफोन गोळा करून बघा. रबर कोणत्या मापाचं आहे, जाळी साफ आहे का आणि मुलाच्या मोबाईलवर आवाजाची पट्टी कुठपर्यंत गेली आहे. पाच मिनिटांचं काम आहे.